नमुना शोधू नका, आधी संदूक उघडा

प्रश्न थोडक्यात असा: नागपूरला त्रिमूर्तीनगरात राहते. नुकतीच बँकेतून निवृत्त झाले. घरात सासूबाईंची काळी पायमशीन आहे, त्यांच्या साड्यांनी भरलेली संदूक आहे आणि फोटोंचा एक डबा आहे. शिवण, गोधडी, आठवणींची चिकटवही, सगळ्याचीच हौस. व्हिडिओ बघून तयार कापलेले चौकोन आणि आत भरायला पॉलिस्टरचा जाड थर ऑनलाइन मागवला. चार-दोन ओळी जोडल्या, कोपरे जुळेनात, म्हणून ठेवून दिलं. मुलगा म्हणतो, मशीन भंगारात द्या, विजेवरची घेऊन देतो. बसले की कंटाळा येतो. सुरुवात कुठून करू?

ताई, पहिलं म्हणजे मशीन भंगारात देऊ नका. दुसरं, तुम्हाला कंटाळा शिवणाचा आलेला नाही. दुसऱ्या कोणीतरी दुसऱ्याच हवेसाठी ठरवलेलं काम तुम्ही अंगावर घेतलं, त्याचा आलाय. तो जाड थर थंडीच्या देशांतल्या पलंगासाठी असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो; तसली रजाई पांघरायची ती डिसेंबर-जानेवारीतल्या मोजक्या रात्री, आणि वर्षभर ठेवायची कुठे हा प्रश्न वेगळाच. वर डबल बेडच्या मापाचं काम पहिलंच म्हणून घेतलं. इथे तर रोज शिवणाऱ्या बाईचाही हात थकतो.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायकांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: कापड आधी, नमुना नंतर. आपल्या आज्यांनी नमुना ठरवून कापड आणलं नाही. घरात काय विरलंय, काय अजून दणकट आहे, कुणाला काय हवंय, हे बघितलं आणि त्यातून गोधडी निघाली. लुगडं मधे विरलं की तेवढा भाग काढून दंड घातला, म्हणजे उरलेले तुकडे जोडले, तेही गेलं की गोधडीत, गोधडीही गेली की पायपुसणं. हा क्रम पाळला की काम आपलं वाटतं आणि खर्चही होत नाही. म्हणून संदूक उघडा. त्यासाठी एक दुपार मोकळी ठेवा.

प्रत्येक साडी उजेडासमोर धरा. विरलेला भाग लगेच दिसतो. साडीची खालची कड आणि निऱ्यांच्या घड्या आधी जातात, वरचा भाग बहुधा शाबूत असतो. मग दोन अंगठ्यांत कापड धरून हलकाच ताण द्या. चर्र आवाज आला तर त्या भागाचा चौकोन कापू नका. तो गोधडीच्या आतल्या थरात जाईल. सुती की मिश्र हे कळत नसेल तर कडेचे चार धागे काढा, चिमट्यात धरा, खाली पाण्याची ताटली ठेवा आणि काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचा, राख मऊ. पॉलिस्टर वितळतं आणि गार झाल्यावर कडक मणी उरतो. ही परीक्षा महत्त्वाची, कारण सुती चौकोनाशेजारी पॉलिस्टर जोडलं तर धुतल्यावर एक आटतं, दुसरं आटत नाही, आणि शिवण चुण्या धरते. मिश्र कापड वाईट नसतं, त्याच्या पिशव्या करा. फक्त जातीला जात ठेवा.

जुन्या रेशमी साड्या वेगळ्या काढा. वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलेलं रेशीम घडीवरच फाटतं, त्यामुळे धुवायच्या वस्तूत ते नकोच. त्याचं काय करायचं ते चिकटवहीपाशी सांगते.

संदुकीत तळाशी मिलचं जाड कापड किंवा नागपुरी सुती साडी निघाली तर तिला कात्री लावायची घाई करू नका. हे गाव कापसाचं. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला इथे एम्प्रेस मिल सुरू केली, व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी घोषित केलं त्याच दिवशी, म्हणून हे नाव. आता त्या जागेवर मॉल आहे. मिलचं कापड आणि कोष्ट्यांच्या मागावरच्या साड्या ज्यांच्या घरात उरल्या, तेवढ्याच उरल्या. असं एखादं वस्त्र अख्खं ठेवा, बाकीचं खुशाल कापा.

कापायच्या आधी सगळं धुवून घ्या, नवं कापड तर नक्कीच. ते पहिल्या पाण्यात आटतं. गडद लाल, निळा, काळा यांचा रंग तपासायला ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं सगळ्या सांगतात. होत नाही. रंग सुटतच असेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, तरीही सुटला तर ते कापड पांढऱ्याच्या शेजारी लावू नका. नागपूरचं ऊन यात मोठा मदतनीस आहे, एप्रिलमध्ये सुती साडी बघता बघता वाळते. मात्र गडद रंग उलट्या बाजूने आणि सावलीत वाळवा.

आता मशीन. काळ्या पायमशीनमध्ये बिघडण्यासारखं फार थोडं असतं. सुईखालची पट्टी उघडून आतला कापसाचा भुगा ब्रशने काढा. वर जिथे जिथे भोकं आहेत तिथे मशीनच्या तेलाचा एकेक थेंब टाका, मग चिंधीवर थोडा वेळ चालवून जादा तेल निघू द्या. खोबरेल किंवा गोडेतेल कधीच नको; ते चिकट होऊन मशीन जाम करतं. चामड्याचा पट्टा सैल झाला असेल तर थोडा कापून तार पुन्हा बसवतात, मिस्त्री हे पटकन करून देतो. मशीन कूलरच्या झोतात ठेवू नका, ओल्या हवेने सुया आणि शटल गंजतात. हे नागपूरच्या घरांत हमखास होतं, कारण हवेशीर म्हणून मशीन खिडकीपाशी असते आणि उन्हाळ्यात त्याच खिडकीत कूलर बसतो.

सुई नवी घाला. मलमलीला ११ नंबर, साध्या सुतीला १४, जाड थरांना १६. सुई वरपर्यंत ढकलून स्क्रू आवळा. दोरा कोणत्या बाजूने ओवायचा हे विसरला असाल तर सुईवरून नख फिरवा: लांब खाच ज्या बाजूला, त्या बाजूने दोरा आत जातो. आणि खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला की सगळ्या बॉबिनला दोष देतात, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, पण तो गुंता बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यामुळे होतो. मशीनचा फूट वर उचलूनच दोरा ओवा. फूट खाली असला की टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही, वरवर राहतो.

पायाला सवय नसेल तर जुनी सुई लावून, दोरा न ओवता, मुलांच्या रेघी वहीच्या कागदावर चालवा. रेघेवर भोकं पडली पाहिजेत. पायडल उलटं जायचं थांबेपर्यंत कापड हातात घेऊ नका.

पहिलं काम म्हणून मी तान्ह्या पोळ्याची, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी बैल मिरवतात त्या सणाची, झूल सुचवते. घरात, नात्यात, शेजारी, लाकडी नंदीबैल सजवणारं एखादं पोर नागपुरात असतंच. काम ओंजळीत मावेल एवढं आहे, तारीख ठरलेली आहे, आणि घेणारा डोळे लावून बसलेला आहे. शिवाय पोळ्याच्या आधी बाजारात मिळणाऱ्या तयार झुली चकचकीत सॅटीनच्या, डिंकाने चिकटवलेल्या असतात. सासूबाईंच्या साडीची झूल घातलेला बैल त्या रांगेत उठून दिसेल.

माप बैलावरच घ्या. वशिंडाच्या मागून शेपटीपर्यंत लांबी, आणि एका पोटाकडून पाठीवरून दुसऱ्या पोटापर्यंत रुंदी. समजा लांबी ९ इंच, रुंदी १२ इंच आली. ३ इंचाचे चौकोन धरले तर तीनच्या चार ओळी, एकूण १२. चारही बाजूंनी पाव इंच शिवणीत जाणार, म्हणून चौकोन साडेतीन इंचाचा कापा. जाड पुठ्ठ्याचा एक अचूक चौकोन करून घ्या, त्याच्या मागे पॉलिश पेपरचा तुकडा चिकटवा म्हणजे कापडावर सरकणार नाही. खुणेला अंघोळीच्या साबणाची वाळलेली चिपटी खडूपेक्षा चांगली. रेघ बारीक येते आणि धुतली की जाते. चौकोन नेहमी सरळ धाग्यात. उरेब, म्हणजे तिरप्या धाग्यात, कापलेला चौकोन हातातच ताणला जातो, मग तो कितीही इस्त्री करा, जुळत नाही.

तुमचे कोपरे जुळले नाहीत त्याची कारणं दोन असणार. पहिलं, पाव इंचाची शिवण पाव इंचाची नव्हती. सुताराच्या भाषेत सांगते, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. प्रत्येक शिवणीत अर्धं सूत जास्त गेलं, तर प्रत्येक चौकोन दोन बाजूंनी मिळून एका सुताने लहान होतो. आठ चौकोनांच्या ओळीत अख्खा इंच जातो. डोळ्यांना एका चौकोनात हे दिसत नाही. उपाय असा की सुईपासून मोजून बरोबर पाव इंचावर मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टीचे चार-पाच थर लावा, त्या कडेला कापड टेकवून शिवा. मग परीक्षा घ्या: दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या जोडा, मधली पट्टी बरोबर १ इंच दिसली तर शिवण खरी.

दुसरं कारण इस्त्रीचं. पहिल्या ओळीतल्या सगळ्या शिवणी मागच्या बाजूने उजवीकडे पाडा, दुसरीतल्या डावीकडे, तिसरीतल्या पुन्हा उजवीकडे. आता दोन ओळी तोंडाला तोंड लावून धरा आणि जिथे शिवणी भेटतात तिथे चिमटीत घेऊन हलकेच सरकवा. दोन्हीकडचे उंचवटे एकमेकांना अडतात आणि पुढे सरकत नाहीत. बोटांना ते कळतं, बघायची गरज नाही. तिथेच टाचणी लावा, आडवी. मशीन टाचणीपाशी आली की टाचणी काढून पुढे. इस्त्री मात्र कपड्याला फिरवतो तशी फिरवायची नाही, उचलून ठेवायची, उचलून ठेवायची. फिरवली की चौकोनाचा पतंग होतो.

वरचा भाग तयार झाला की खाली मऊ जुन्या सुतीचा तुकडा, आणि अस्तराला मांजरपाट, म्हणजे कोरं जाडंभरडं सुती कापड. सुलट बाजू आत ठेवून चारी बाजू शिवा, तीन बोटं जागा उघडी ठेवा, कोपऱ्यांची टोकं कापा, उलटून घ्या, उघडी जागा हाताने तुरपून टाका. मग प्रत्येक शिवणीच्या बाजूने धावदोरा घाला. कडेला गोंडे, कवड्या, आरसे, जे पोर मागेल ते. त्याच्या आवडीत आपली नजर घालू नये, फारच हिरवं-गुलाबी झालं तरी.

झूल झाली म्हणजे तुम्हाला गोधडीतलं निम्मं येतं. मधे कुणाच्या घरी बाळ येणार असेल तर बाळंतविड्यासाठी एक दुपटं करून बघा: सव्वा वार चौरस, मऊ मलमलीचे नुसते दोन थर, मणी-बटणं-टिकल्या काही नाही. दुपट्यात कलाकुसर केली की ती बाळाच्या गालाला टोचते.

गोधडीला हंगाम बघून हात घाला. उन्हाळ्यात चौकोन कापून, जोडून ठेवा. ते पंख्याखाली बसून होतं. मांडीवर चार थर घेऊन मे महिन्यात बसणं ही शिक्षा आहे. पावसाळ्यात थर लावू नका, ओलसर गोधडी आतून कुबट होते. कोजागिरीच्या सुमारास थर लावले की थंडी पडेपर्यंत पांघरायला तयार.

थरांचं गणित सोपं आहे. साधी पाचवारी साडी मधोमध दुमडली की साधारण आठ फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असे दोन थर मिळतात. एका माणसाच्या गोधडीला हेच माप. म्हणजे बाहेरून एक साडी आणि आत एक, झाले चार थर. दोन आत घातल्या तर सहा. त्याच्या पुढे जाऊ नका, सुई निघत नाही आणि मनगट दुखतं. चौकोनांचा जोडलेला तुकडा असेल तर तो वरच्या बाजूला, आणि आतला एक थर कमी करा. फॉल आणि काठ आधी उसवून घ्या; काठाची दुहेरी जाडी आत राहिली तर तिथे दोरा तुटतो. उसवलेले काठ टाकू नका.

थर जमिनीवरच लावायचे, पलंगावर नाही. फरशी पुसून कोरडी करा, खालचा थर ताणून त्याच्या चार कोपऱ्यांवर पाट किंवा वरवंटा ठेवा. एकेक थर मधून कडेकडे हाताने सारत पसरवा. कच्चे टाकेही मधून सुरू करून बाहेर न्या, वीतभर अंतराने, उभे आणि आडवे. कडेकडून मधे आलात तर सगळी सुरकुती मधे गोळा होते आणि ती नंतर कुठेच जात नाही. ही पायरी कंटाळवाणी आहे, मान्य. पण गोधडी बसली की नाही हे इथेच ठरतं. शेजारणीला बोलवा, चहा ठेवा.

पक्का धावदोरा मात्र निवांत. जाड सुती दोरा, हातभरच; लांब घेतला की गाठी पडतात. मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्या. दाभण नको, भोकं राहतात. मधल्या जाडीची, बेताच्या लांबीची सुई घ्या. कडेपासून सुरुवात करून चारी बाजूंनी फिरत आत आत जाणं ही जुनी रीत, आणि मला तीच आवडते, कारण कडा आधी पक्क्या होतात. दोन ओळींत एक ते दोन बोटं अंतर. डावा हात गोधडीखाली ठेवायचा. सुईचं टोक खालच्या बोटाला लागलं की समजायचं सगळे थर ओवले गेले. लगेच टोक वर वळवायचं. दोन-तीन टाके सुईवर जमले की बोटात घातलेल्या अंगुस्तान्याने, म्हणजे शिवणाच्या टोपणाने, ढकलून एकदम ओढायचं. टाके सारखे यायला वेळ लागतो. नाही आले तरी चालतं, धुतल्यावर कापड थोडं आटून टाका आत बसतो आणि सगळं एकसारखं दिसायला लागतं. मशीनवर हे करू नका असं मी म्हणेन: काळ्या मशीनखाली वरचा थर पुढे सरकतो आणि शेवटी चार बोटांचा फरक पडतो.

डोळ्यांचा त्रास असेल तर सकाळच्या उजेडात पाच-सात सुया एकदम ओवून गादीला टोचून ठेवा. दोऱ्याचं टोक तिरपं कापा आणि सुईमागे पांढरा कागद धरा, भोक दिसतं.

चिकटवहीचं काम गोधडीच्या उलट आहे, इथे हात कमी आणि निवड जास्त. फोटोंचा डबा अख्खा ओतून बसू नका, एक प्रसंग उचला किंवा एक माणूस उचला. माझी सूचना सासूबाईंपासूनच सुरू करायची. ज्या फोटोत एखादी साडी दिसते, त्या फोटोशेजारी त्या साडीचा दोन बोटं तुकडा लावा. कृष्णधवल फोटो असेल तर बघणाऱ्याला पहिल्यांदा कळतं की ती साडी डाळिंबी होती. रेशमी साड्यांचे तुकडे आणि उसवलेले काठ इथे कामी येतात. कापडाच्या मागे पातळ सुती लावून कडा तुरपल्या की धागे सुटत नाहीत. तुकडा कागदाला चार टाक्यांनी शिवायचा, डिंक लावायचा नाही. भोकं आधी टाचणीने पाडून घ्या.

फोटोही डिंकाने चिकटवू नका. कोपऱ्यांचे कागदी खण मिळतात, नाहीतर जाड कागदाच्या त्रिकोणांचे घरी होतात. खळीला कसर लागते, आणि वर पारदर्शक कागद असलेले जुने चिकट अल्बम तर फोटोचे वैरी. त्यात अडकलेले फोटो ओढून काढू नका, आधी मोबाइलवर टिपून घ्या. वर्तमानपत्राचं कात्रण लाकडाच्या लगद्याचं असतं, ते पिवळं पडून ठिसूळ होतं आणि शेजारच्या पानालाही डाग देतं. त्याची चांगल्या कागदावर झेरॉक्स लावा. हल्लीच्या गुळगुळीत तिकिटांवरची आणि पावत्यांवरची छपाई उष्णतेने उमटवलेली असते, ती उडून जाते, त्यांचंही तेच. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहिलं की पुढे वळ उठतो. मऊ पेन्सिल वापरा किंवा वहीच्या पानावर लिहा. नावं मात्र पूर्ण लिहा, गावासकट. ‘मावशी, लग्नात’ एवढं लिहून पुढच्या पिढीला काही कळत नाही. आणि वही स्लॅबच्या खालच्या माळ्यावर ठेवू नका. मे महिन्यात तिथे भट्टी असते, फोटो एकमेकांना चिकटतात. बेडरूमचं कपाट बरं.

खरेदीला एवढंच हवं: मांजरपाट, सुती दोऱ्याची रिळं, सुया, अंगुस्ताना, टाचण्या. गांधीबाग-इतवारीत ठोक माल मिळतो, ताग्याने घ्यायचं असेल तर तिथे जा. दोन वार हवं असेल तर सीताबर्डी किंवा गोकुळपेठ सोयीचं. चिंध्या विकत घेऊ नका. गल्लीतल्या टेलरकडे सांगून ठेवा, ब्लाऊजचं सुती कातरण तो हसत देतो. मागवलेल्या त्या तयार चौकोनांच्या आणि पॉलिस्टरच्या थराच्या उशा करा, नाहीतर मशीनचं कव्हर.

मुलाचं मन मोडू नका. खर्च करायचाच आहे तर त्याला कापडाची एक चांगली कात्री आणि मशीनवर वाकवून लावता येईल असा दिवा आणायला सांगा. घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवा की त्या कात्रीने कागद कापायचा नाही. धार कागदाने जाते. विजेवरची मशीन हवी की नको हे काजं करायची वेळ आली की बघा. पायाचा त्रास होत असेल तर याच मशीनला मोटर बसते, मिस्त्री घरी येऊन लावून देतो. तो सुटा भाग बदलणार असेल तर जुना भाग परत मागून घ्या. या मशीनचे जुने भाग नव्यापेक्षा दणकट असतात, आणि पुष्कळदा नुसते साफ करून पुन्हा चालतात.